उंबरीची दुसरी रेघ

नाशिक
१८ जून २००६

ती. रंगनाथमामा,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्ही "कोण? संतोषला देतो" एवढंच म्हणता आणि फोन संतोषदादाच्या हातात देऊन मोकळे होता, म्हणून पत्र लिहिते आहे. पेठला पाऊस लागला असेलच. इथे अजून नुसतं ढगांचं येणंजाणं चालू आहे.

कामाचं विचारते. चौथीच्या वर्गात मी पाण्याचा धडा घेत होते. नदी, ओढा, नाला, झरा असे शब्द फळ्यावर लिहिले आणि ऐटीत सांगून टाकलं की मोठी ती नदी, लहान तो नाला. वर्गात निकिता नावाची एक मुलगी आहे, नव्या रो-हाउसमधून येते. ती उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्या घरामागे नाला आहे. त्याच्या पलीकडून बाबांनी हाक मारली तर ऐकू येत नाही. मग तो लहान कसा?" सगळा वर्ग हसला, मीही त्यात हसून घेतलं आणि धडा पुढे रेटला.

आता मुख्याध्यापिकाबाईंनी 'पाण्याच्या वाटा' असा मोठा तक्ता करून भिंतीवर लावायला सांगितलं आहे. तुम्ही तीस वर्षं मोजणीच्या कचेरीत नकाशे काढलेत. मुलांना पटेल असा फरक लिहून पाठवा. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पानी ते पानी, त्यात काय लिवायचं?"

शिवाय एक आनंदाची बातमीही आहे, पण ती पुढच्या पत्रात. जरा वाट बघा.

तुमची लाडकी भाची
शुभांगी


पेठ
२६ जून २००६

चि. शुभांगी,

खूप खूप आशीर्वाद. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुझी गत आहे. घरात सिंधूसारखी बाई बसलेली, जिचं सगळं आयुष्य पाण्याच्या काठाला गेलं, आणि तू विचारतेस पेठच्या डोंगरात बसलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला! विचारलंच आहेस तर ऐक.

इथे माझ्या ओसरीवरून पावसाळ्यात चार-पाच ओहोळ दिसतात. पाऊस थांबला की तासाभरात तेही थांबतात. ओहोळाला उद्याची खात्री नसते. झरा त्याच्या उलट, पाऊस असो नसो, जमिनीतून आपला झिरपत राहतो. ओढ्याला गाव ओळखतं, त्यावर बायका धुणं धुतात, पण मे महिन्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात. पाट आणि कालवा माणसानं खणलेले, सांगू तिकडे जाणारे. त्यांची तोंडं बंद करता येतात. नाला म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर घाण पाणी येतं. खरं तर तोही पावसाचंच पाणी नेतो, पण त्याला कोणी मान देत नाही.

आणि नदी? ती मोठी असते म्हणून नदी नसते. उन्हाळ्यात कोरडी पडली तरी ती नदीच. तिला नाव असतं, उगम असतो, आणि तिची म्हणून एक रुंद जागा असते. दहा वर्षं ती जागा वापरणार नाही, अकराव्या वर्षी येऊन बसेल. मुलांना आणखी सोपं करून सांग. आपल्याकडे बायका नदीची ओटी भरतात. गरोदर बाईला नदी ओलांडू देत नाहीत. माणसाची राख नदीत सोडतात. यातलं एक तरी कोणी नाल्याला केलेलं ऐकलंस का?

कचेरीत आमचं याहून सोपं होतं. नकाशात नाल्याला एक निळी रेघ आणि नदीला दोन. दोन रेघांच्या मधली जागा पाण्याची, तिथे माणसानं घर बांधायचं नाही. संपला फरक. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, तसं याहून जास्त मलाही विचारू नकोस.

आता ती बातमी सांग. मला वाट बघायला लावू नये, माझं वय बहात्तर आहे.

तुझा मामा
रंगनाथ


नाशिक
५ जुलै २००६

ती. मामा,

तुमचा तक्ता शाळेत गाजला. ओटीचं वाचून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात नाही. मी म्हटलं, आमच्या मामांच्या डोक्यात आहे.

आता बातमी. आम्ही घर घेतलं! तेही कुठे, तर आपल्याच उंबरमळ्यात. सहादूकाकांनी आमच्या वाट्यासकट मळा बिल्डरला दिला हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे सात रो-हाउस उभी राहिली आहेत. शेवटचं, सातव्या नंबरचं आमचं. ती निकिता तिसऱ्या नंबरात राहते, म्हणजे आम्ही शेजारी होणार. सहा घरांत लोक राहायलाही आले. आम्ही दसऱ्याला वास्तुशांत करून जाणार. जिथे आईनं झेंडू खुडला त्याच मातीवर तिला खुर्ची टाकून बसवायची, असं ललितच्या फार मनात आहे. जावई असावा तर असा.

मागच्या अंगणाला लागूनच उंबरी आहे. ललितनं सगळे कागद नीट पाहिले. मंजूर नकाशात 'नाला' लिहिलं आहे आणि एक रेघ आहे, म्हणून नऊ मीटर सोडून बांधायला परवानगी मिळाली. तुमचं पत्र वाचून मला मात्र हसू आलं. लहानपणी श्रावणाच्या तोंडाला आई खण-नारळ घेऊन उंबरीवर जायची आणि मी तिच्या पदराला धरून असायची. अजूनही जाते. मग तुमच्या नियमानं उंबरी नदी झाली ना? कचेरीला विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. आईला घर दाखवायला नेलं तर ती रिक्षातून उतरलीच नाही. बांधकाम चालू होतं तेव्हाही यायची नाही. पाय दुखतात म्हणाली. दोन दिवस नीट जेवली नाही. मळा गेल्याचं दुःख असेल. तुम्ही तिला दोन शब्द लिहा.

शुभांगी


पेठ
१० जुलै २००६

चि. शुभांगी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. उभ्या उभ्या लिहितो आहे, अक्षर लावून घे.

त्या घरात राहायला जाऊ नका. ती माती काळी आहे, भिंतींना भेगा पडतील. ओल चढेल. जागा दक्षिणेला उतरती आहे, तेही बरं नव्हे. ललितरावांना सांग, मामांनी कळकळीनं सांगितलं आहे. दसऱ्याची तयारी थांबवा. सहा घरांत लोक राहायला आलेत म्हणतेस, त्यांना विचार पावसाळाभर दुसरीकडे राहता येईल का. सिंधूला काही विचारू नकोस. तिच्या पायांचं मला ठाऊक आहे.

मला वाईट धक्का बसला आहे. उरलेलं भेटीत बोलू.

रंगनाथमामा


नाशिक
२२ जुलै २००६

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून मी रडले, हे आधी सांगते. आयुष्यात पहिलं स्वतःचं घर घेतलं आणि ज्या मामांच्या तोंडून कौतुक ऐकायचं होतं त्यांनी माती आणि ओल काढली. तुम्ही कधी दिशा-बिशा मानली नाहीत. संतोषदादाच्या लग्नात मुहूर्त टळला तेव्हा तुम्हीच भटजींना हसला होतात. मग आता दक्षिण कुठून आली?

ललित म्हणतो, सहादूकाकांनी तुम्हाला न विचारता मळा विकला त्याचा राग तुमच्या मनात आहे. मला तसं वाटत नव्हतं, पण आता वाटायला लागलं आहे. असेल तर तो काकांवर काढा, माझ्या घरावर नको.

आईला मी विचारलंच. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दादाला इचार. त्यालाच ठावं हाय." मग उठून देवघरात गेली. तुम्हा दोघा भावंडांचं हे काय चाललं आहे?

घराला भेगा नाहीत. राहणारे सांगतात. साइटवर रात्रपाळीला पुंजाराम नावाचे वॉचमन आहेत, भला माणूस. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, म्हणून ललितनं त्यांना आमच्या घराची किल्ली दिली आहे. दिवसभर ते आमच्या मागच्या खोलीत गाढ झोपतात, आणि ओल नाही म्हणतात. हे आईच्या कानावर घालू नका. वास्तुशांतीआधी घरात परकं माणूस झोपलेलं तिला चालायचं नाही. तिला वाटतं घर बंद आहे.

खरं कारण असेल तर लिहा. नसेल तर दसऱ्याला आशीर्वाद द्यायला या.

शुभांगी


पेठ
१ ऑगस्ट २००६

चि. शुभांगी,

आठ दिवस पत्र लिहून फाडतो आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं आहे. माती, ओल, दक्षिण, सगळं खोटं होतं. खरं असं आहे.

उंबरी नदी आहे. कचेरीतल्या जुन्या नकाशाच्या शीटवर ती दोन रेघांनी काढलेली होती आणि आत नाव होतं. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात नव्या नकाशासाठी मळ्यांची मोजणी निघाली. साहेब बाहेरचे, नवीन. उंबरी कोरडी ठाक होती. पात्रातल्या गाळात तुझी आई, सहादू आणि शेजारचे चार जण दिवाळीपासून मेपर्यंत मेथी, कोथिंबीर, झेंडू काढायचे. मळ्यात कुणीतरी आवई उठवली होती की नकाशात नदी आली तर पात्रातली जमीन सरकार ओढून घेणार. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? सगळा मळा एका तोंडानं म्हणाला, नाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. जुनी शीट माझ्या काखेत होती. मी म्हटलं, जरा पलीकडची कड पाहून येतो. तेव्हा सिंधू गवारीची पाटी डोक्यावर घेऊन माझ्या मागे आली. तुझे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. तू डी.एड.ला होतीस. ती म्हणाली, "दादा, एक रेघ काढ. माझी पोर शिकू दे." आणि मी काढली, शुभा. तिच्या सांगण्यावरून काढली, पण हात माझा होता. नावही लिहिलं नाही. त्या झेंडूवर तू शाळेतली बाई झालीस आणि मला त्याचा अभिमान वाटत राहिला. वाटलं, कागदावरच्या रेघेनं कुणाचं काय बिघडतं? भाजी पिकवणाऱ्याला पाणी कुठवर येतं ते ठाऊक असतं, तो घर तिथे बांधत नाही. विकत घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एकोणसत्तर साली उंबरी आली तेव्हा मळ्यातल्या भिमाबाईचा गोठा बैलांसकट गेला. पाणी मारुतीच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं. ती पायरी मळ्याच्या जमिनीहून पुरुषभर उंच आहे. सिंधूनं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ती रिक्षातून उतरली नाही.

हे पत्र मिळताच सातही घरांना सांग. माझं नाव घेऊन सांग. मी कचेरीत जाऊन लेखी देणार आहे. इथे चार दिवस पाऊस खळलेला नाही, फोनही मेला आहे.

तुझा अपराधी मामा
रंगनाथ


नाशिक
१२ ऑगस्ट २००६

मामा,

तुमचं एक तारखेचं पत्र काल, अकरा तारखेला मिळालं. घाट बंद होता, टपालाची पिशवी तिकडेच अडकली होती असं पोस्टमन म्हणाला. उंबरी सहा तारखेला आली.

पेपरात आलेलं तुम्ही वाचलं असेल. त्यात नाही ते लिहिते. रविवार होता. पाऊस थोडा उघडला म्हणून आई दुपारी खण-नारळ घेऊन ओटी भरायला निघाली. मी म्हटलं, या चिखलात कुठे? तिनं ऐकलं नाही. ललित तिला स्कूटरवर घेऊन गेला. मारुतीपाशी उतरून ती पुढे गेली आणि पाणी बघून थबकली. ललित सांगतो, पाणी तेव्हा पात्रातच होतं, पण लाल होतं, वर मुळासकट झुडपं येत होती, आणि वास मातीचा येत होता. आईनं खण-नारळ तिथेच टाकला आणि धावत सुटली. अडुसष्ट वर्षांची बाई, मामा. पायांत जोर नाही म्हणणारी.

तिनं पहिल्यापासून सहाव्या घरापर्यंत एकेक दार दोन्ही हातांनी बडवलं. लोक सिनेमा बघत होते, जेवून लवंडले होते. कुणी म्हणालं, आजी, नाला आहे तो, उतरेल. आई ओरडली, "नाला नाय, नदी हाय ती. मी खोटं बोलले, बाहेर व्हा." निकिताच्या आईला तिनं हाताला धरून ओढलं. ललित वळून आपल्या सातव्या घराचं काय झालं ते बघायला निघाला तर आईनं त्याला अडवलं. म्हणाली, आपलं बंदच हाय, ही पोरं उचल आधी. त्याच्या दोन्ही काखेत पोरं होती, मागून पाणी गुडघ्याला लागलं होतं. तो म्हणतो, त्या क्षणी त्याला आठवलंच नाही. मी त्याला त्यावर काही बोलू शकत नाही, कारण मीही तेव्हा घरी बसून चहा करत होते.

सहा घरांतले सत्तावीस जण मारुतीच्या पारावर उभे राहिले. सगळे मोजले, सगळे होते. लोक आईच्या पाया पडायला लागले. तेवढ्यात पत्र्याच्या खोलीकडून पुंजारामची बायको गोजराबाई धावत आली आणि विचारायला लागली, आमचे मालक उठले का?

आमच्या मागच्या खोलीची भिंत पडली होती. पुंजाराम दुसऱ्या दिवशी खाली गंगेच्या संगमापाशी सापडले.

त्यांना जाळल्यावर गोजराबाईला कुणीतरी म्हणालं, राख इथेच उंबरीत सोड, जवळ पडेल. ती म्हणाली, "तुमी तर तिला नाला म्हनता. मी गंगेवर जाते." आणि एकटीच नाशिकच्या गंगाघाटावर गेली.

मी सगळं सांगून टाकलं तुम्हाला. आता मला काही सुचत नाही. आई देवघरातून उठत नाही. तक्ता मी भिंतीवरून काढला.

शुभांगी


पेठ
२१ ऑगस्ट २००६

चि. शुभांगी,

काय लिहू? काल मी नाशिकला येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही. तुझ्यासमोर तोंड घेऊन उभं राहण्याची हिंमत झाली नाही.

कचेरीत लेखी दिलं की एक्क्याण्णव साली मी जाणूनबुजून नदीची एक रेघ गाळली. टेबलावरचा तरुण म्हणाला, आजोबा, आता कशाला, पेन्शन घ्या आणि स्वस्थ बसा. मी त्याला जुनी शीट काढायला लावली. तीन तास लागले, पण निघाली. मोठे साहेब भले निघाले. म्हणाले, नकाशा दुरुस्त होईपर्यंत तिथे कुणाला राहू देणार नाही. पण जागेवर पंचनामा लागेल आणि जुना काठ पाहिलेला साक्षीदार लागेल. सहादू अंथरुणाला खिळला आहे. बाकीचे गेले. सिंधूच राहिली. तिला जबरदस्ती करू नकोस. एवढंच सांग की दादानं सही केली आहे.

सोबत पातळ कागदावर उतरवलेलं ट्रेसिंग पाठवतो. जुन्या शीटवरून मी दुसरी रेघ काढली आहे. रेघ सरळ आली. तुझं घर शोधून बघ. मळा सगळाच आत येतो. तुझं घर काठावर नव्हतंच, शुभा. ते नदीत होतं.

रंगनाथ


नाशिक
४ सप्टेंबर २००६

ती. मामा,

काल पंचनामा झाला. ललितचं मन तयार नव्हतं. नदी म्हणून नोंद झाली की ते घर विकताही येणार नाही, पाडलं जाईल, आपण देशोधडीला लागू, असं तो दोन दिवस म्हणत होता. मी त्याला तुमचं ट्रेसिंग दाखवलं. त्यानं आपलं घर बोटानं शोधलं, आणि मग ट्रेसिंगची घडी घालून मला परत दिलं.

आईला मी फक्त म्हटलं, दादानं सही केली आहे. ती उठली आणि नेसून तयार झाली.

मारुतीच्या पारावर साहेब, सहा घरांतले लोक आणि एका कडेला गोजराबाई. साहेबांनी विचारलं, आजी, ही नदी की नाला? आईनं काठी रोवली आणि म्हणाली, "नदी हाय. उंबरी नदी. तवा मीच खोटं सांगितलं व्हतं. दादानं माझ्यासाठी लिवलं." साहेबांनी लिहून घेतलं. आईनं चष्मा लावून सावकाश सही केली, सिंधुबाई.

मग गोजराबाई पुढे आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "मावशी, सहा दारं वाजवलीत तुमी. सातवं तर तुमचंच व्हतं."

आई काठी टेकत वळली. ती माझ्याकडे बघायला लागली. मामा, इतके दिवस आईला वाटत होतं की पुंजाराम आमच्या घरात आपणहून शिरले असतील. मी तिला तसं वाटू दिलं होतं.

मी म्हटलं, आईला ठाऊक नव्हतं ते आत झोपतात म्हणून. मला ठाऊक होतं. किल्ली आम्हीच दिली होती. वास्तुशांतीआधी कुणी घरात झोपलेलं तिला आवडणार नाही, म्हणून मी लपवलं. साहेब, हेही लिहून घ्या.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, बाई, मला समजतं, पण या गोष्टीचा नदीशी संबंध नाही.

गोजराबाई म्हणाली, "हाय."

तुमची
शुभांगी